अकरा प्लॉट, नऊ नोंदी: निर्यातीच्या टोमॅटो बियाण्याच्या एका अडलेल्या लॉटचे प्रकरण

जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूच्या एका बियाणे कंपनीच्या शीतगोदामात संकरित टोमॅटोच्या बियाण्याचा १०८ किलोंचा एक लॉट अडकून पडला. त्याची उगवण उत्तम होती, ग्रोआउट चाचणीत वाणाची शुद्धता सिद्ध झाली होती आणि ज्या टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट विषाणूची सर्वांना धास्ती होती त्याचा मागमूसही प्रयोगशाळेला लागला नव्हता. तरीही नेदरलँड्सला जाण्यासाठी लागणारे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला या व्यापारात सगळे नुसते 'फायटो' म्हणतात, या लॉटला मिळाले नाही. बियाणे बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यातील अकरा शेतकऱ्यांच्या अकरा प्लॉटांतून आले होते, आणि उभ्या पिकाच्या सरकारी तपासणीच्या नोंदी मात्र नऊच प्लॉटांच्या होत्या.

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेले आहे. त्यातील शेतकरी, कंपनी, त्यांचे व्यवहार आणि प्लॉटांचे आकडे कल्पित आहेत; रोग, नियम आणि प्रमाणपत्राची व्यवस्था प्रत्यक्षातील आहे. बीजोत्पादनात उतरलेल्या किंवा उतरू पाहणाऱ्या सीमाभागातील मंडळींना या साखळीची कडी नेमकी कोठे निखळते ते दाखवावे, एवढाच हेतू आहे.

प्लॉट आणि करार

कर्नाटकात संकरित भाजीपाला बियाण्याचे मोठे केंद्र म्हणजे हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूर. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडे ऊस, तंबाखू, सोयाबीन आणि भाजीपाला ही मुख्य पिके असून बीजोत्पादन हा येथे जोडधंदा ठरतो. संकेश्वरच्या आसपासच्या या अकरा शेतकऱ्यांनी प्रत्येकी सुमारे दहा गुंठ्यांवर नायलॉनच्या जाळीचे शेड उभारले होते. कंपनीशी त्यांचा थेट संबंध फारसा नव्हता. मधला दुवा होता ऑर्गनायझर. मूळ नर-मादी बियाणे तोच आणून देई, मजुरीची उचल तोच देई आणि आठवड्याला एकदा प्लॉट पाहून वहीत नोंद करी. करार इंग्रजीत होता, त्यासोबतची सूचनापुस्तिका कन्नडमध्ये होती, आणि क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करणाऱ्या बहुतेक बायका मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यामुळे प्रत्यक्षात जे काही नियम प्लॉटापर्यंत पोचले, ते ऑर्गनायझरच्या तोंडून पोचले.

टोमॅटोचे संकरित बियाणे हातानेच होते, यंत्राचे तेथे काम नाही. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी झाडावरची कळी सायंकाळी चिमट्याने उघडून तिच्यातील पुंकेसर काढायचे आणि सकाळी नर झाडांचा पराग तिला लावायचा. क्रॉस केलेले फळ ओळखू यावे म्हणून फुलाचे एक-दोन निदल (पाकळ्यांखालची हिरवी दले) कात्रीने कापून ठेवायचे. एका प्लॉटात महिना-दीड महिना रोज दहा-बारा जणींचे हात प्रत्येक झाडाला लागतात. हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे, कारण या प्रकरणातील विषाणू मुख्यतः स्पर्शानेच पसरतो.

रोपांची लावण ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, क्रॉसिंग नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालले आणि जानेवारीत फळे उतरू लागली. लावणीच्या वेळी हे बियाणे देशातच विकायचे असा कंपनीचा बेत होता. पिकाचे सरकारी निरीक्षण करून घेण्याचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

कोणता कागद कशाची हमी देतो

लॉट अडल्यावर गावात झालेल्या बैठकीत एका वयस्क शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा होता: "बियाणं पास झालंय न्हवं, मग अडलंय कुठं?" प्रश्न रास्त होता. 'पास' हा शब्द तीन वेगवेगळ्या कागदांसाठी वापरला जातो आणि ते तीन कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिला कागद बीज प्रमाणीकरणाचा. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी लागते, आणि ती वाणाची शुद्धता, भौतिक शुद्धता व उगवण यांविषयी असते. खासगी कंपन्यांची बहुतेक संकरित वाणे या प्रमाणीकरणाच्या वाटेला न जाता सत्यप्रत लेबल लावून विकली जातात. तेथे गुणवत्तेची जबाबदारी कंपनीची स्वतःची असते. दुसरा कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या, म्हणजे 'इस्टा'च्या, पद्धतीने घेतलेल्या नमुन्याचा नारिंगी रंगाचा अहवाल. १९२४ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या चाचणी पद्धती जगभर मानल्या जातात, त्यामुळे परदेशी खरेदीदार तो अहवाल आवर्जून मागतो.

तिसरा कागद फायटो, आणि त्याची जातकुळीच वेगळी आहे. कंपनी खरेदीदाराला काही लिहून देते, अशातला हा प्रकार नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने घालून दिलेल्या नमुन्यात एका देशाची वनस्पती संरक्षण यंत्रणा दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला उद्देशून हा कागद लिहिते. भारतात ही यंत्रणा म्हणजे फरीदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध (क्वारंटाइन) व साठवण संचालनालय. बेंगळुरूचे वनस्पती संगरोध केंद्र त्याच्याच अखत्यारीत येते. प्रमाणपत्रात 'अतिरिक्त घोषणा' नावाची एक जागा असते आणि आयात करणाऱ्या देशाने मागितलेले विशिष्ट विधान त्या जागी लिहावे लागते. बियाणे उगवते की नाही, वाण खरे की खोटे, याच्याशी फायटोचा संबंध नाही. अमुक कीड किंवा रोग या मालासोबत येत नाही, आणि तसे आम्ही अमुक रीतीने पाहिले आहे, एवढेच सरकार सरकारला सांगते. म्हणूनच त्यावर सही करणारा अधिकारी कंपनीच्या वहीवर विसंबून सही करू शकत नाही. या प्रकरणात पुढे जे घडले त्याची मेख येथे आहे.

विषाणू

टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस हा तंबाखूच्या केवडा (मोझेक) रोगाच्या विषाणूच्या कुळातला. इस्राएलमध्ये २०१४ साली त्याचा उपद्रव दिसला, २०१५ मध्ये जॉर्डनमधील टोमॅटोवर तो वेगळा विषाणू म्हणून ओळखला गेला आणि पुढे काही वर्षांतच अनेक देशांत पोचला. या कुळातील जुन्या विषाणूंना दाद न देणारे जनुक टोमॅटोच्या वाणांत पैदासकारांनी पूर्वीच आणले होते. नव्या विषाणूने नेमकी तीच भिंत ओलांडली. कोवळ्या पानांवर हिरव्या-पिवळ्या छटा येतात, पाने अरुंद होतात, देठ आणि निदल करपतात, फळांवर तपकिरी खरबरीत डाग पडतात आणि बाजारात त्या फळाला भाव मिळत नाही.

बियाण्याच्या बाबतीत त्याची वागणूक काहीशी फसवी आहे. विषाणू मुख्यतः बीच्या टरफलावर असतो, अंकुरात शिरत नाही, आणि बीमधून रोपात उतरण्याचे प्रमाणही कमी असते. परंतु ट्रेमधल्या हजारो रोपांपैकी एखाददुसरे जरी बाधित निघाले, तरी पुनर्लागण, बांधणी, फांद्या काढणे आणि तोडणी या प्रत्येक कामात हात, कात्री आणि कपडे ते पुढच्या झाडांपर्यंत नेतात. हरितगृहात तर ओळीच्या ओळी जातात. म्हणून युरोपीय संघाने १ नोव्हेंबर २०१९ पासून या विषाणूविरुद्ध आणीबाणीचे नियम लागू केले आणि २०२० मध्ये ते अधिक कडक केले. या प्रकरणाच्या काळात परदेशातून येणाऱ्या टोमॅटो बियाण्यासाठी त्यांत दोन अटी एकत्र होत्या: ज्या स्थळी मातृझाडे वाढली ते स्थळ योग्य वेळी झालेल्या अधिकृत तपासण्यांच्या आधारे या विषाणूपासून मुक्त असल्याचे माहीत असले पाहिजे, आणि बियाण्याचा किंवा मातृझाडांचा अधिकृत नमुना चाचणीत निर्दोष ठरला पाहिजे. एक अट पुरी केली म्हणून दुसरी माफ होत नव्हती.

फेब्रुवारीतील तपासणी

जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात नेदरलँड्समधील एका खरेदीदाराने हे वाण मागितले. कंपनीने लगोलग संगरोध केंद्राकडे पीक तपासणीसाठी अर्ज केला आणि सोबत अकरा प्लॉटांची यादी जोडली. निरीक्षक फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आले. तोवर नऊ प्लॉटांत शेवटची फळे झाडावर होती. दोन प्लॉट मात्र मोकळे झाले होते.

त्या दोन शेतकऱ्यांना दोष देण्याआधी त्यांनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे. कंपनीच्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की फळे उतरून झाली की झाडे मुळासकट उपटावीत, प्लॉटाबाहेर नेऊन जाळावीत, शेडची जाळी व बांबू धुऊन काढावेत आणि अवशेष पुढच्या पिकापर्यंत राहू देऊ नयेत. रोगाच्या दृष्टीने ही सूचना अगदी योग्य आहे, कारण या कुळातील विषाणू वाळलेल्या पाल्यापाचोळ्यात आणि अवजारांवर दीर्घकाळ टिकून राहतात. दोघांची फळे लवकर आटोपली होती, हिडकल धरणाच्या कालव्याच्या पाण्याची पाळी आली होती आणि सुरू उसाची लावण तोंडावर होती. ऑर्गनायझरने "झालं की मामा तुमचं, काढून टाका" असे सांगितले आणि त्यांनी काढून टाकले. सूचना ज्यांनी सर्वांत चोख पाळल्या, त्यांचेच प्लॉट नोंदीविना राहिले. अकरा जणांची यादी जोडताना कोणता प्लॉट अजून उभा आहे हे ऑर्गनायझरला कोणी विचारले नव्हते.

उरलेल्या नऊ प्लॉटांपैकी एकात वेगळीच धांदल उडाली. कोपऱ्यातील तीन झाडांच्या शेंड्याकडच्या पानांवर केवड्यासारख्या छटा होत्या. निरीक्षकांनी शेतातच पट्टी चाचणी केली आणि पट्टीवर रेघ उमटली. संध्याकाळपर्यंत आसपासच्या चार गावांत "टोमॅटोला फॉरेनचा रोग आला" अशी बातमी झाली. वास्तविक प्रतिद्रव्यावर चालणाऱ्या अशा चाचण्या एकाच कुळातील विषाणूंमध्ये नेमका भेद करतीलच असे नाही. तंबाखूच्या किंवा टोमॅटोच्या जुन्या केवड्यालाही तीच रेघ येऊ शकते. निरीक्षकांनी ती तीन झाडे व त्यांच्या आजूबाजूची झाडे पिशवीत बांधून काढायला लावली, पानांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि त्या प्लॉटाचे बियाणे वेगळे ठेवण्यास सांगितले. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा निकाल येईपर्यंत शेतकऱ्याने फळांना हात लावला नाही. निकाल निर्दोष आला: कुळ तेच, पण हा विषाणू तो नव्हे.

या धांदलीत एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. निपाणी येथून फार दूर नाही, बिडीच्या तंबाखूचा हा मुलूख, आणि क्रॉसिंगला येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना सकाळी मिश्री लावण्याची सवय. तंबाखूच्या केवड्याचा विषाणू वाळवलेल्या तंबाखूतही टिकतो, म्हणून बीजोत्पादनाच्या शेडमध्ये तंबाखू खाणे, ओढणे वा मिश्री लावून येणे वर्ज्य असते आणि कामाआधी साबणाने किंवा दुधाच्या पावडरीच्या पाण्याने हात धुण्याची रीत असते. त्या तीन झाडांना केवडा कोठून आला हे नोंदीवरून सिद्ध होत नाही, तेव्हा त्याचे खापर कोणा मजूर बाईवर फोडणे अन्यायाचे होईल. शेडच्या दारात पाण्याचे पिंप होते, साबण नव्हता, एवढे मात्र निरीक्षणाच्या टिपणात आहे.

आणखी एक अडचण नोंदवण्याजोगी आहे. निरीक्षक ज्या ठिकाणी लक्षणे शोधतात त्यांतले एक म्हणजे निदल, आणि संकरित बीजोत्पादनात खूण म्हणून निदल आधीच कापलेले असतात. करपलेले निदल आणि कापून वाळलेले निदल यांत फरक करण्यासाठी भिंग घेऊन फळ फिरवून पाहावे लागते. येथे ते केले गेले, त्यामुळे प्रत्येक प्लॉटाला बराच वेळ लागला.

नऊ आणि अकरा

फेब्रुवारीनंतर पाच महिने कोणाच्या काही लक्षात आले नाही. शेतकऱ्यांनी फळे चिरून, गर आंबवून, बी धुऊन वाळवले आणि प्रत्येकाच्या नावाची व प्लॉट क्रमांकाची चिठ्ठी असलेल्या कापडी पिशव्यांतून ते कंपनीकडे गेले. तेथे शेतकरीनिहाय ग्रोआउट झाली. ही चाचणी म्हणजे बियाणे पेरून वाढलेली झाडे वाणाशी जुळतात का ते पाहणे. तिला तीनेक महिने लागतात. अकराही नमुने पास झाल्यावर जूनच्या अखेरीस प्रक्रिया विभागाने अकरा पिशव्या एकत्र करून १०८ किलोंचा एकजिनसी लॉट केला. त्यात त्या दोन प्लॉटांचा वाटा १९ किलो होता.

प्रक्रिया विभागाकडे ग्रोआउटची यादी होती आणि निर्यात विभागाकडे तपासणीचे टिपण होते. पहिल्या कागदावर अकरा प्लॉट होते, दुसऱ्यावर नऊ, आणि हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच ठरलेले नव्हते. ते काम शेवटी संगरोध केंद्रातील अधिकाऱ्याने केले, कारण बियाणे कोणत्या उत्पादन स्थळावरून आले हे मागे जाऊन पाहणे त्याचे कर्तव्यच होते.

कंपनीने तीन बाजू मांडल्या. लॉटचा नमुना चाचणीत निर्दोष ठरला आहे, ही पहिली. ऑर्गनायझरच्या वहीत त्या दोन प्लॉटांच्या दर आठवड्याच्या नोंदी असून त्यांत रोगाचा उल्लेख नाही, ही दुसरी. ते दोन प्लॉट तपासलेल्या प्लॉटांना लागूनच आहेत, तेव्हा शेजारची तपासणी त्यांना लागू मानावी, ही तिसरी. अधिकाऱ्याने तिन्ही अमान्य केल्या आणि माझ्या मते त्याचे बरोबर होते. वहीच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही. ती खासगी नोंद आहे आणि घोषणेत 'अधिकृत तपासणी' हे शब्द आहेत. शेजारच्या प्लॉटाचा युक्तिवाद, जो विषाणू हाताने आणि अवजाराने पसरतो त्याच्याबाबत लंगडा पडतो, कारण तेथे सामायिक बांधापेक्षा सामायिक मजूर टोळी महत्त्वाची ठरते. पहिला मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याचा विचार सविस्तर करणे भाग आहे.

तीन हजार बिया किती सांगतात

चाचणीसाठी ३,००० बियांचा नमुना घेतला होता. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया येतात, म्हणजे हा नमुना सुमारे १० ग्रॅमचा, आणि १०८ किलोंच्या लॉटमध्ये सव्वातीन कोटींच्या आसपास बिया. ३,००० हा आकडा कोणी सहज ठरवलेला नाही. लॉटमधील दर हजारी एक बी बाधित असेल, तर ३,००० बियांच्या नमुन्यात किमान एक तरी बाधित बी सापडण्याची शक्यता ९५ टक्के येते. पण बाधा दर दहा हजारी एक इतकी विरळ असेल, तर हीच शक्यता २६ टक्क्यांवर घसरते. म्हणजे अशा चारपैकी जवळजवळ तीन लॉट चाचणीतून निर्दोष म्हणून बाहेर पडतील, आणि आपल्या लॉटच्या आकाराचा विचार केला तर त्यांत तीन हजारांहून जास्त बाधित बिया असतील.

एका सदोष प्लॉटाचे बियाणे दहा निर्दोष प्लॉटांत मिसळले की बाधा नेमकी अशीच विरळ होते. शेतकरीनिहाय पिशवीत जी बाधा चाचणीला सहज सापडली असती, ती मिसळल्यावर सापडेनाशी होऊ शकते. उभ्या पिकात मात्र उलट असते: तेथे एका झाडाची बाधा हातोहात शेजारच्या झाडांवर जाते आणि पाहणाऱ्याला दिसू लागते. चाचणी आणि पीक तपासणी या दोन अटी म्हणूनच एकत्र मागितल्या जातात. शंका अशी आहे की कंपनीतील अनेकांना पीक तपासणी ही निव्वळ औपचारिकता वाटत होती. तसे वाटण्यामागे त्यांना नमुन्याचा हा हिशेब कोणी कधी समजावून दिला नव्हता, हे कारण असावे.

चाचणीविषयी दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पीसीआर विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते. तो विषाणू जिवंत आणि बाधा करण्याजोगा आहे की ट्रायसोडियम फॉस्फेटसारख्या प्रक्रियेने निकामी झालेला आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी बियांचा अर्क एका विशिष्ट जातीच्या तंबाखूच्या पानावर चोळून ठिपके उठतात का ते पाहतात. प्रक्रिया केलेल्या निरुपद्रवी बियाण्यालाही त्यामुळे पीसीआरमध्ये दोषी ठरण्याचा धोका असतो, आणि या व्यापारातील जाणकारांची ती जुनी तक्रार आहे. आपल्या प्रकरणात निकालच निर्दोष असल्याने तो वाद उद्भवला नाही.

देश बदलला की हिशेब बदलतो. ऑस्ट्रेलिया टोमॅटोच्या बियाण्यात विरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) वर्गातील रोगांसाठी २०,००० बियांचा नमुना मागते आणि लहान लॉट असल्यास लॉटच्या २० टक्के बियांची चाचणी करायला लावते. किलोंच्या लॉटला हे परवडते. पैदासकाराच्या शंभर-दोनशे ग्रॅमच्या लॉटला मोठीच झळ बसते.

कोठे चूक झाली

बियाण्याच्या व्यापारात माल पिकतो एका हंगामात, विकला जातो दुसऱ्यात, आणि कधी कधी तिसऱ्या देशातून चौथ्या देशात जातो. लावणीच्या वेळी अंतिम देश माहीत नसणे हा अपवाद नाही, तो रिवाजच आहे. बियाण्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर २०१७ मध्ये स्वीकारलेले ३८ व्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक हीच वस्तुस्थिती गृहीत धरते आणि पुढे पुनर्निर्यात होणार असेल तर पहिल्या प्रमाणपत्रातच पुढच्या देशांना लागू शकेल अशी अधिकृत माहिती नोंदवून ठेवण्याची वाट दाखवते. पण नोंदवण्यासाठी ती माहिती आधी निर्माण झालेली असावी लागते. बियाण्याची चाचणी कधीही करता येते, लॉट पुन्हा तपासता येतो, प्रक्रिया पुन्हा देता येते. उपटलेल्या झाडाची तपासणी मात्र कोणीच करू शकत नाही. कंपनीने देशांतर्गत विक्री धरून तपासणीचा खर्च वाचवला आणि जानेवारीत ऑर्डर आल्यावर उशिरा का होईना अर्ज केला, इतपत समजण्याजोगे आहे. जूनमध्ये नोंद असलेले आणि नसलेले बियाणे एकत्र केले, त्याचे समर्थन मला करता येत नाही. तोवर ८९ किलो बियाणे युरोपला जाण्यास पात्र ठरू शकत होते.

आयातदार देशाकडे समतुल्य उपाय मान्य करण्याची विनंती करता येते, आणि मानकांत तशी तरतूद आहे. पण ती बोलणी दोन देशांच्या यंत्रणांमध्ये, तांत्रिक पुराव्यांसह, सावकाश चालतात. एका कंपनीच्या एका लॉटसाठी तो मार्ग नसतो.

पुढे काय झाले

नेदरलँड्सची ऑर्डर कंपनीने दुसऱ्या भागातील लॉटमधून पुरवली. हा लॉट सत्यप्रत लेबल लावून देशातच विकायचे ठरले, आणि मग गाडी शेतकऱ्यांच्या पैशावर येऊन अडली. जानेवारीत युरोपची ऑर्डर आल्यावर कंपनीने ऑर्गनायझरमार्फत किलोमागे वाढीव दर कबूल केला होता. आता ती जुन्या दराची भाषा बोलू लागली. पहिल्यांदा अकराही जणांचा वाढीव दर कापण्याची गोष्ट निघाली, मग फक्त त्या दोघांचा. संकेश्वरला झालेल्या बैठकीत शेतकऱ्यांनी करार ऑर्गनायझरकडून ओळीओळीने वाचून घेतला. त्यात उगवण, शुद्धता आणि ओलावा यांच्या अटी होत्या. सरकारी तपासणी होईपर्यंत पीक उभे ठेवण्याची अट कोठेही नव्हती, उलट पीक लगेच काढण्याची सूचना पुस्तिकेत होती. हा मुद्दा निरुत्तर करणारा होता. नऊ जणांना वाढीव दराने पैसे ऑगस्टमध्ये मिळाले. त्या दोघांनाही तोच दर द्यावा लागला, पण त्यांचा हप्ता दिवाळीपर्यंत लांबला.

पुढच्या हंगामापासून कामाच्या रीतीत बदल झाले. माल कोठे जाणार हे ठरलेले असो वा नसो, लावणीनंतर पंधरा दिवसांच्या आत सर्व प्लॉटांसाठी तपासणीचा अर्ज जातो. प्लॉटाची ओळख आता शेतकऱ्याच्या नावाने पटवली जात नाही, उताऱ्यावरील सर्व्हे क्रमांक आणि हाताने काढलेला नकाशा यांवरून पटवली जाते, कारण एकाच आडनावाचे तिघे शेजारी असले की नुसत्या नावाने घोळ होतोच. ग्रोआउटची यादी आणि तपासणीची यादी यांतील क्रमांक जुळल्याखेरीज पिशव्या एकत्र करायच्या नाहीत, आणि जुळले तरी प्रत्येक पिशवीतील नमुना वेगळा जपून ठेवायचा. शेडच्या दारात साबण आला. सूचनापुस्तिकेचे मराठीकरण ऑर्गनायझरच्या मुलीने केले. ती अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकते.

दरम्यान नियमही जागचा हलला. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाने या विषाणूला संगरोध किडीच्या आणीबाणीच्या चौकटीतून काढून 'नियंत्रित असंगरोध कीड' या वर्गात घातले. विषाणू आपल्याकडे पसरलेला आहे हे मान्य करून लागवडीच्या साहित्यापुरतेच त्याच्यावर नियंत्रण ठेवायचे, असा या वर्गाचा अर्थ. शीतगोदामात चार-पाच वर्षे टिकणाऱ्या बियाण्याच्या बाबतीत असे बदल दोन्ही दिशांनी होऊ शकतात. आज ज्याची गरज वाटत नाही ती नोंद उद्या मागितली जाईल, म्हणून पीक उभे असताना मिळू शकेल तेवढी अधिकृत नोंद करून ठेवणे, हा कंपनीने आता स्वीकारलेला पवित्रा खर्चिक असला तरी शहाणपणाचा आहे.

एक बाब अजून सुटलेली नाही. नव्या करारात तपासणी पूर्ण होईपर्यंत झाडे न उपटण्याची अट आली आहे. निरीक्षक यायला दहा-बारा दिवस लागले तर तेवढे दिवस सुरू उसाची लावण खोळंबते, पाण्याची पाळी हुकते आणि फळे उतरलेल्या झाडांवर फवारणीचा खर्च चालूच राहतो. त्या दिवसांची भरपाई कंपनीने द्यावी, ही शेतकऱ्यांची मागणी आहे. कंपनी म्हणते की वाढीव दरात ती धरलेली आहे. करारात तसा आकडा कोठेही लिहिलेला नाही, आणि या वर्षी अकरांपैकी चौघांनी तेवढ्यासाठी सही रोखून धरली आहे.